वाचकांचे प्रश्न : बाद फेरीचे मानांकन कोणत्या न्यायाने?

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीची मुख्य लीग म्हणजे एनएचएल. तिच्या बाद फेरीचा तक्ता गेल्या अंकात छापल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच आहे : गुणतालिका समोर असताना डिव्हिजन पाहून जोड्या का लावायच्या? काही पत्रे इथल्या स्पर्धा भरवणाऱ्यांची आहेत, त्यांनाही जागा दिली आहे.

संपादक महोदय, पहाटे साडेचारचा सामना लावतो आणि दुसरा पिरियड संपता संपता ऑफिसच्या बससाठी निघतो. इतकी वर्षे पाहूनही जोड्या कशा लागतात ते कळलेले नाही. वरच्या संघाला खालचा संघ मिळावा एवढी साधी गोष्ट होत का नाही? पायरीपायरीने सांगाल का? — एक वाचक, ऐरोली

एकूण ३२ संघ. ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये आठ संघ. ईस्टर्नमध्ये अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन, वेस्टर्नमध्ये सेंट्रल आणि पॅसिफिक. २०२५-२६ पर्यंतच्या हंगामांत साखळीत प्रत्येक संघाचे ८२ सामने. जिंकल्यास २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरल्यास १, नियमित ६० मिनिटांत हरल्यास शून्य.

प्रत्येक कॉन्फरन्समधून आठ संघ बाद फेरीत जातात. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन थेट, म्हणजे सहा झाले. उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचे दोन वाइल्ड कार्डवर येतात, ते कोणत्याही डिव्हिजनचे असोत. त्यामुळे एका डिव्हिजनचे पाच आणि दुसरीचे तीनच, असेही होते.

आता जोड्या. दोन डिव्हिजन विजेत्यांपैकी ज्याचे गुण जास्त, त्याच्यासमोर कमी गुणांचे वाइल्ड कार्ड. दुसऱ्या विजेत्यासमोर दुसरे वाइल्ड कार्ड. मग प्रत्येक डिव्हिजनमधला दुसरा आणि तिसरा एकमेकांशी. आपले घोडे अडते ते इथेच. दुसरा विरुद्ध तिसरा ही जोडी लावताना शेजारच्या डिव्हिजनच्या गुणांकडे कोणी पाहतच नाही. दुसऱ्या फेरीत त्याच चौकटीतले, म्हणजे डिव्हिजन विजेत्याच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या जोडीतले, दोन विजेते भिडतात. प्रत्येक फेरीनंतर नव्याने मानांकन होत नाही, तक्ता पहिल्या दिवशीच पक्का झालेला असतो.

घरच्या मैदानाचा नियम पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. मालिका जास्तीत जास्त सात सामन्यांची असते आणि वरचा संघ पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना घरी खेळतो. पहिल्या दोन फेऱ्यांत 'वरचा' कोण हे डिव्हिजनमधल्या क्रमांकावर ठरते. गुण मोजले जातात ते कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीपासून पुढे.

ही रचना २०१३-१४ च्या हंगामापासून आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये तेवढी वेगळी व्यवस्था होती.

चषक जिंकायचा तर समोर येईल त्याला हरवावेच लागते. आज नाही तर पुढच्या फेरीत. मग यात अन्याय तो कोणता? — एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नौपाडा, ठाणे

सर, आपला मुद्दा एका संघापुरता खरा आहे. जो शेवटी चषक उचलतो त्याला कुठूनही जावे लागले तरी फरक पडत नाही. पण मानांकन हे ८२ सामन्यांच्या कष्टाचे मोल असते आणि ते सोळाही संघांच्या पदरात सारख्याच मापाने पडायला हवे. तसे ते पडत नाही, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २०१६-१७ च्या ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये सापडते.

त्या वर्षी मेट्रोपॉलिटनमध्ये वॉशिंग्टन ११८, पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८ आणि न्यूयॉर्क रेंजर्स १०२. अटलांटिकमध्ये मॉन्ट्रियल १०३, ओटावा ९८, बोस्टन ९५, टोरोंटो ९५. संपूर्ण लीगमधले पहिले चार संघ पाहिले तर त्यात तीन मेट्रोपॉलिटनचे होते, मध्ये फक्त १०९ गुणांचे शिकागो.

नियमाप्रमाणे पिट्सबर्ग आणि कोलंबस, म्हणजे लीगमधले दुसरे आणि चौथे, पहिल्याच फेरीत समोरासमोर आले. कोलंबस पाच सामन्यांत घरी गेले. त्याच वेळी ९८ गुणांच्या ओटावाला ९५ गुणांचे बोस्टन मिळाले.

आता त्याच आठ संघांना निव्वळ गुणांवर एक ते आठ क्रमांक देऊन पाहा. वॉशिंग्टन–टोरोंटो आणि मॉन्ट्रियल–रेंजर्स या जोड्या जशाच्या तशा राहतात. बदलतात त्या दोनच. पिट्सबर्गसमोर बोस्टन येते आणि कोलंबससमोर ओटावा. म्हणजे १०८ गुण मिळवणाऱ्याला १११ ऐवजी ९८ गुणांचा प्रतिस्पर्धी मिळाला असता. हे दहा-तेरा गुण म्हणजे पाच-सहा विजयांचा फरक. कोलंबसने तो मैदानावर कमावला होता आणि तक्त्याने तो काढून घेतला.

याहून खटकणारी बाब रेंजर्सची. ते डिव्हिजनमध्ये चौथे, कोलंबसपेक्षा सहा गुणांनी मागे. पण वाइल्ड कार्डवर ते अटलांटिकच्या चौकटीत गेले, तिथे १०३ गुणांच्या मॉन्ट्रियलला सहा सामन्यांत हरवले आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर ओटावा आले. तिसरे येणाऱ्याला १११ आणि मग ११८ गुणांचा संघ, चौथे येणाऱ्याला १०३ आणि मग ९८. ज्या नियमात एक पायरी खाली घसरल्याने वाट सोपी होते, तो नियम चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेवटच्या आठवड्यात प्रशिक्षकाने मुद्दाम हरावे असे आम्ही म्हणत नाही आणि तसे कोणी केल्याचेही म्हणत नाही. पण नियमाने तसा विचारही कोणाच्या मनात आणू नये.

आणि त्याच ओटावा–रेंजर्स मालिकेत घरचे मैदान कोणाला? ओटावाला. चार गुण कमी असूनही, कारण ते अटलांटिकमध्ये दुसरे होते. ओटावाने मालिका सहा सामन्यांत जिंकली. यात ओटावाचा काही दोष नाही, त्यांनी समोर आलेले सामने जिंकले.

पुढच्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, नॅशव्हिल ११७ आणि विनिपेग ११४ गुणांवर होते. संपूर्ण लीगमधले पहिले आणि दुसरे. दोघेही सेंट्रलचे, म्हणून दुसऱ्या फेरीतच गाठ पडली. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि विनिपेग जिंकले. प्रेक्षकांना मेजवानी मिळाली खरी, पण ती एक फेरी आधीच वाढली गेली. गुणांवर मानांकन असते तर हे दोन संघ कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीआधी भेटलेच नसते.

२०२१-२२ ला टोरोंटो ११५ आणि टॅम्पा बे ११० पहिल्याच फेरीत. २०२४-२५ ला डॅलस १०६ आणि कोलोराडो १०२ पहिल्याच फेरीत. दोन्ही मालिका सात-सात सामन्यांच्या. यादी आणखी लांबवता येईल.

पण डिव्हिजनमधल्या संघांशी सामने जास्त असतात. ज्याचे वेळापत्रक वेगळे त्याचे गुण दुसऱ्या डिव्हिजनच्या गुणांशी कसे ताडायचे? कठीण डिव्हिजनमधले ९८ आणि सोप्या डिव्हिजनमधले ९८ सारखे नाहीत. म्हणून डिव्हिजननुसार मानांकनच बरोबर. — एक वाचक, कळवा

प्रश्न योग्य आहे, उत्तर मात्र आकडे मांडल्यावर उलट निघते.

लीग ३२ संघांची झाल्यापासून २०२५-२६ पर्यंत ८२ सामन्यांची विभागणी अशी : स्वतःच्या डिव्हिजनमधल्या सात संघांपैकी पाच जणांशी चार-चार आणि दोघांशी तीन-तीन, मिळून २६. त्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या आठही संघांशी तीन-तीन, मिळून २४. पलीकडच्या कॉन्फरन्समधल्या १६ संघांशी दोन-दोन, मिळून ३२. म्हणजे 'आपल्या' आणि 'शेजारच्या' डिव्हिजनमधला फरक २६ आणि २४ इतकाच.

अजून एक हिशेब करा. आठ संघ, प्रत्येकाचे शेजारच्या डिव्हिजनशी २४ सामने, म्हणजे एका हंगामात दोन डिव्हिजन एकमेकींशी १९२ वेळा खेळतात. कोणती डिव्हिजन भारी आणि कोणती हलकी, हे कळायला याहून मोठा पुरावा कोणता हवा? गुण ताडता येत नाहीत म्हणणे तेव्हाच पटेल, जेव्हा दोन गट एकमेकांशी खेळतच नाहीत.

आपण म्हणता तसे कठीण डिव्हिजनमधले ९८ हे सोप्या डिव्हिजनमधल्या ९८ पेक्षा मोलाचे आहेत, हे मान्य. पण मग कठीण डिव्हिजनच्या संघाला बाद फेरीत पुन्हा त्याच कठीण डिव्हिजनमध्ये कोंडणे हा त्यावरचा उपाय कसा? त्याला एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा होते, आधी साखळीत आणि मग तक्त्यात.

आपल्याकडचे उदाहरण आयपीएलचे. दहा संघ झाल्यापासून प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदाच खेळतो. वेळापत्रक सगळ्यांना सारखे नाही, तरी गुणतालिका एकच आणि पहिले चार त्याच तालिकेतून. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ चे सामने पाहिलेल्यांना आपला संघ कोणत्या गटात होता हे आज आठवणारही नाही, कारण त्या गटाचा उपयोग फक्त वेळापत्रकापुरता होता. प्रो कबड्डीत २०१७ आणि २०१८ ला दोन झोन होते, २०१९ ला ते मोडून सर्वांचे सर्वांशी सामने घेतले आणि पहिले सहा एकाच तालिकेतून निवडले.

आधीची पद्धत चांगली होती, ती उगाच मोडली, असे वाचले. खरे का? — एक वाचक, वाशी

कोणती आधीची, त्यावर आहे. १९८१-८२ ते १९९२-९३ या काळात डिव्हिजनचा अंमल आजच्यापेक्षा कडक होता. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले चार बाद फेरीत, बाकी बाहेर, वाइल्ड कार्ड नाहीच. त्याचे टोक १९८७-८८ मध्ये दिसले. नॉरिस डिव्हिजनमध्ये टोरोंटो ८० सामन्यांत ५२ गुण मिळवून चौथे आले आणि बाद फेरीत गेले. पॅट्रिक डिव्हिजनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्स ८२ आणि पिट्सबर्ग ८१ गुणांवर बाहेर बसले. एकोणतीस-तीस गुण जास्त मिळवूनही! आजच्या वाइल्ड कार्डने निदान प्रवेशातला हा अन्याय दूर केला आहे, त्याचे श्रेय द्यायला हवे.

लोक ज्या पद्धतीची आठवण काढतात ती १९९३-९४ ते २०१२-१३ ची. कॉन्फरन्समध्ये एक ते आठ मानांकन आणि प्रत्येक फेरीनंतर नव्याने जोड्या, उरलेल्यांतला सर्वांत वरचा विरुद्ध सर्वांत खालचा. सांगाडा उत्तम होता. खोट एकच होती : डिव्हिजन विजेत्यांना गुण न पाहता वरचे क्रमांक मिळत. १९९८-९९ पासून प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तीन डिव्हिजन झाल्यावर ही खोट जास्त जाणवू लागली. २०११-१२ ला फ्लोरिडा ९४ गुणांवर साउथईस्ट डिव्हिजन जिंकून तिसरे मानांकन घेऊन बसले आणि १०२ गुणांचे न्यू जर्सी सहाव्यावर गेले. दोघांची गाठ पडली, घरचे मैदान फ्लोरिडाला, सातवा सामना फ्लोरिडात. न्यू जर्सीने तो दुसऱ्या जादा वेळेत जिंकला आणि पुढे अंतिम फेरी गाठली.

म्हणून आमचे म्हणणे जुने परत आणा एवढेच नाही. प्रवेश आजच्यासारखाच राहू द्या, प्रत्येक डिव्हिजनचे तीन आणि दोन वाइल्ड कार्ड. पण आठ संघ ठरले की डिव्हिजन विसरा. एक ते आठ क्रमांक गुणांवर, घरचे मैदान गुणांवर आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मानांकन. डिव्हिजन जिंकण्याचे बक्षीस म्हणजे प्रवेशाची हमी, तेवढे पुरे.

शेजारच्या संघांतली चुरस हीच हॉकीची जान आहे. शिवाय प्रवास वाचतो. तुम्ही ते सगळे मोडायला निघालात. — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

चुरस लादून वाढत नाही. पॅसिफिकमध्ये एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग चार वर्षे पहिल्या फेरीत भिडले आणि चारही वेळा एडमंटन जिंकले. पहिल्या वर्षी सात सामन्यांची झुंज होती. चौथ्या वर्षी लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाला नवीन काय मिळाले? त्यांचा संघ वेगळ्या प्रतिस्पर्ध्याशी कसा खेळला असता, हे त्याला कळलेच नाही.

प्रवासाचा मुद्दा पश्चिमेकडे खरा आहे. डॅलस किंवा विनिपेगचा सायंकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला येतो, लॉस एंजेलिसचा साडेसातला. दोन तासांचे हे अंतर तिथल्या दूरचित्रवाणीलाही अडचणीचे असते. पण वाइल्ड कार्डवाला संघ आजही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जातोच, जसे २०२५ ला सेंट्रलचे मिनेसोटा पॅसिफिकच्या वेगासशी खेळायला गेले. शिवाय कॉन्फरन्सची हद्द आम्ही ओलांडायला सांगत नाही.

समान गुण झाले की पुढे कोण, हे कसे ठरते? — एक विद्यार्थिनी, कोपरखैरणे

आधी नियमित ६० मिनिटांत जिंकलेले सामने मोजतात. ते सारखे असतील तर त्यात जादा वेळेतले विजय मिळवतात, मग शूटआउटसह एकूण विजय, मग आपसातल्या सामन्यांतले गुण, मग गोलफरक. २०२४-२५ ला सेंट लुईस आणि कॅलगरी दोघेही ९६ गुणांवर थांबले. नियमित वेळेतले विजय सेंट लुईस ३२, कॅलगरी ३१. एका विजयाने कॅलगरी बाहेर.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कॅलगरीच्या ९६ पैकी १४ गुण जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरून मिळालेले होते, सेंट लुईसचे असे आठ. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली पद्धत, म्हणजे नियमित विजयाला ३, जादा वेळेतल्या विजयाला २, तशा पराभवाला १, लावली तर सेंट लुईस १२८ आणि कॅलगरी १२७ येते. निकाल तोच राहतो, पण प्रत्येक सामन्यातून सारखेच तीन गुण वाटले जातात. एनएचएलमध्ये काही सामने दोन गुणांचे आणि काही तीन गुणांचे ठरतात. गुणांवर मानांकन मागताना हे गुणच आधी स्वच्छ असावेत, असे आम्हाला वाटते.

मुलगी सीवूड्सला इनलाइन स्केटिंग शिकते आणि महिलांची हॉकी लीग आवडीने पाहते. तिथे पहिला आलेला संघ प्रतिस्पर्धी स्वतः निवडतो म्हणे. हे न्याय्य आहे का? — एक आई, सीवूड्स

हो, पीडब्ल्यूएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, पहिला आलेला संघ तिसऱ्या आणि चौथ्यापैकी एक निवडतो, उरलेला दुसऱ्याकडे जातो. २०२४ च्या पहिल्या हंगामात टोरोंटोने चौथ्या आलेल्या मिनेसोटाला निवडले, पाच सामन्यांच्या मालिकेतले पहिले दोन जिंकले आणि पुढचे तिन्ही गमावले. मिनेसोटाने चषकही जिंकला. २०२५ ला मॉन्ट्रियलने ओटावाला निवडले आणि तेही हरले. पद्धत आमच्या मते न्याय्यच आहे, कारण वरच्या संघाला कमावलेला हक्क हातात मिळतो, तो कसा वापरायचा ते त्याचे. शेवटच्या आठवड्यात कोणाचा खेळाडू जखमी आहे, कोण भरात आहे, हे गुणतालिकेला कळत नाही, प्रशिक्षकाला कळते. या लीगमध्ये गुणांची ३-२-१ पद्धतही आहे, तीही मुलीला समजावून सांगा.

आम्ही बारा संघांची टर्फ फुटबॉल लीग भरवतो, सहा संघ ठाण्याचे आणि सहा नवी मुंबईचे. गेल्या वर्षी दोन्ही गटांचे पहिले चार घेतले आणि गटातच उपांत्य फेरी खेळवली. नवी मुंबईचे संघ म्हणाले, आमचा गट कठीण होता. भांडण झाले. यंदा काय करावे? रविवार सकाळचीच वेळ आहे, सात ते अकरा. — एक आयोजक, खारघर

भांडण योग्य होते. दोन गट एकमेकांशी एकदाही खेळले नाहीत, तर कोणता कठीण हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी आंतरगट सामने घाला, मानांकनाचे नंतर पाहू.

गटात सर्वांचे सर्वांशी एकदा : सहा संघांत १५ सामने, दोन गटांचे ३०. त्यावर प्रत्येक संघाला दुसऱ्या गटाशी दोन सामने द्या, ते १२ होतात. एकूण ४२, प्रत्येक संघाचे सात. आंतरगट जोड्या अशा लावा : गेल्या वर्षीच्या क्रमाने ठाणे १ ते ६ आणि नवी मुंबई १ ते ६ असे क्रमांक द्या. ठाणे १ चे सामने नवी मुंबई १ आणि २ शी, ठाणे २ चे २ आणि ३ शी, असे करत ठाणे ६ चे ६ आणि १ शी. पहिला सामना ठाण्यात, दुसरा नवी मुंबईत ठेवला की प्रत्येकाच्या वाट्याला एकदा प्रवास आणि एकदा घरचे टर्फ येते. शेवटच्या जोडीत थोडा असमतोल राहतो, तो सहन करा. नवे संघ असतील तर क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या, पण त्या सर्व कर्णधारांसमोर टाका.

वेळ : १५-१५ मिनिटांचे दोन डाव, ५ मिनिटे मध्यंतर, १० मिनिटे संघ बदलायला, मिळून ४५ मिनिटे. एका टर्फवर पावणेचार तासांत पाच सामने बसतात. दोन टर्फ, पाच रविवार, रोज आठ ते नऊ सामने घेतले तर दर रविवारी एक-दोन जागा मोकळ्या राहतात. त्या भरू नका, राहिलेल्या सामन्यांसाठी लागतील. सात साडेसातचे सामने त्याच भागातल्या दोन संघांना द्या. ठाण्याहून येणाऱ्या संघाला पहिला सामना दिलात तर अर्धे खेळाडू पोचलेले नसतात आणि पहिला वॉकओव्हर तिथेच पडतो. रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर तो शनिवारी पाहून घ्या आणि आंतरगट सामने सकाळच्या मधल्या वेळेत उरका, म्हणजे परतीचे हाल होत नाहीत.

प्रवेश : प्रत्येक गटाचे पहिले तीन आणि उरलेल्यांतले सर्वाधिक गुणांचे दोन, ते कोणत्याही गटाचे असोत.

मानांकन गुणांवर एक ते आठ, पण तुमच्याकडे एक सवलत ठेवा : गटविजेता पहिल्या चारात असावा. एनएचएलसाठी आम्ही ही सवलत नाकारली, कारण तिथे दोन डिव्हिजनमध्ये १९२ सामने होतात. तुमच्याकडे बाराच आहेत. बारा सामन्यांवरून गटांची ताकद अंदाजे कळते, पक्की कळत नाही, म्हणून गट जिंकणाऱ्याला तेवढे संरक्षण योग्य आहे. जोड्या १–८, ४–५, २–७, ३–६. एकाच गटातले दोन संघ पहिल्याच फेरीत आले तरी जोडी बदलू नका. एकदा बदललीत की पुढच्या वर्षी प्रत्येक जण बदल मागेल.

उपांत्य फेरीत पुन्हा मानांकन : उरलेल्या चारांतला सर्वांत वरचा विरुद्ध सर्वांत खालचा. याची अडचण एकच, कोणता सामना कुठे हे आधी छापता येत नाही. म्हणून जाहिरातीत संघांऐवजी जागा छापा : 'पहिली उपांत्य फेरी, सकाळी ७.३०, वरच्या मानांकनाच्या टर्फवर.' दोन्ही टर्फ त्या रविवारी आधीच आरक्षित करा. अंतिम सामना मात्र एका ठरलेल्या ठिकाणी घ्या.

समान गुण झाल्यास : समान गुणांचे सगळे संघ एकाच गटातले असतील तरच आपसातला निकाल पाहा, नाहीतर तो वगळा, कारण ते एकमेकांशी खेळलेले असतीलच असे नाही. मग विजयांची संख्या, मग गोलफरक, मग केलेले गोल, शेवटी चिठ्ठी. गोलफरक मोजताना एका सामन्यातला फरक पाचपर्यंतच धरा. नाहीतर एखाद्या कच्च्या संघाला अकरा गोल मारणारा संघ त्या एका सकाळच्या जोरावर वर जातो. वॉकओव्हर ३–० धरा.

एखादा संघ मधेच स्पर्धा सोडतो, तेव्हा तालिका सर्वांत जास्त बिघडते. त्याने निम्म्याहून कमी, म्हणजे तीनपर्यंत सामने खेळलेले असतील तर त्याचे सर्व निकाल रद्द करा आणि त्या गटासह सगळी तालिका गुणांच्या सरासरीवर, म्हणजे प्रत्येक सामन्यामागे किती गुण, अशी मांडा. चार किंवा जास्त खेळले असतील तर झालेले निकाल ठेवा आणि उरलेले वॉकओव्हर द्या.

साखळीतल्या शेवटच्या दोन सामन्यांवर प्रवेश अवलंबून असेल तर ते दोन्ही टर्फवर एकाच वेळी सुरू करा. आधीचा निकाल कळलेला संघ बरोबरीसाठी खेळतो आणि तिसऱ्याचे नुकसान होते.

बाद फेरीपुरता बाहेरून खेळाडू आणण्याची चाल सर्रास चालते. किमान तीन साखळी सामने खेळलेल्यालाच बाद फेरीत उतरू द्या. आठवा आलेला संघ चार नवे खेळाडू घेऊन आला तर पहिल्या आलेल्याला त्याच्या क्रमांकाचे काय मिळाले? प्रत्येक सामन्याच्या कागदावर खेळाडूंची नावे आणि सह्या घ्या, त्या जपून ठेवा, वाद निघतो तो याच कागदावर मिटतो. हे सगळे नियम एका पानावर लिहून पहिल्या सामन्याआधी बाराही कर्णधारांच्या सह्या घ्या, आणि त्या पानाची एक-एक प्रत दोन्ही टर्फच्या गेटवर लावा.